चिरूट, विडी आणि जिभेची परीक्षा

दसरा नुकताच होऊन गेला होता. नववीच्या मुलांना घेऊन नेरळहून पायवाटेने माथेरान चढत होतो. निम्म्या वाटेवर ठाकरांची चार घरे लागतात. तिथे पाणी प्यायला थांबलो, तेव्हा पडवीत बसलेले एक बाबा विडी वळत होते. वाळलेले आपट्याचे पान त्यांनी पाण्याचा हात लावून मऊ केले, कमरेच्या पिशवीतून चिमूटभर तंबाखू काढली, ती बोटांत चुरडली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडे केले. "ओल लागली हिला. उन्हात टाकाया हवी," असे म्हणून चिमूट परत पिशवीत टाकली.

मुले टक लावून बघत होती. खाली उतरताना एकाने विचारले, "सर, सिनेमातला शेठ ओढतो ती चिरूट म्हणजे मोठी विडीच ना? मग तिला हजार-हजार रुपये का पडतात?" दुसऱ्याने भर घातली, "आणि तिची चव बघून मार्क देणारे लोक असतात म्हणे. ते काय बघतात?"

मी स्वतः विडीसुद्धा ओढत नाही, त्यामुळे वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुढे थोडे वाचन केले, काही प्रयोग वर्गात करून पाहिले, आणि लक्षात आले की या एका प्रश्नात वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकी आणि संख्याशास्त्र असे सगळेच विषय येऊन बसले आहेत. म्हणून हा लेख. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो. यातले सगळे प्रयोग गूळ, ओवा, चिक्की आणि आपट्याची पाने यांवर करायचे आहेत. तंबाखू वर्गात आणायची नाही.

चिरूट हा शब्द आपल्याकडे तमिळ मुलखातून आला. तिकडे 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. इंग्रजांनी तो उचलून 'चेरूट' केला. तिरुचिरापल्लीच्या चिरुटा एकोणिसाव्या शतकात इतक्या प्रसिद्ध होत्या की, १८८७ साली छापल्या गेलेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीत तो खोलीत पडलेल्या राखेवरून सांगतो, खुनी तिरुचिरापल्लीची चिरूट ओढत होता. त्या वेळी माथेरान हे थंड हवेचे ठिकाण होऊन तीस वर्षे उलटली होती. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौकच्या बाजूने या डोंगरावर चढले आणि त्यांच्या मागोमाग मुंबईचे साहेब आले. वर बंगल्याच्या व्हरांड्यात साहेबाची चिरूट आणि खाली वाडीत ठाकराची विडी, दोन्हींच्या आत एकच झाड होते.

हे झाड म्हणजे तंबाखू, मिरची-वांगी-बटाट्याच्या कुळातले. अमेरिका खंडातून पोर्तुगिजांबरोबर ती इकडे आली. अकबराच्या दरबारात ती पहिल्यांदा नेली असद बेगने, आणि तीही विजापूरहून, म्हणजे आपल्या दख्खनमधून. तंबाखूतले निकोटिन पानात सापडते, पण तयार होते मुळांत. हे कसे कळले? १९४० च्या दशकात टोमॅटोच्या खोडाचे कलम तंबाखूच्या मुळावर बांधून पाहिले, तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन आले. उलट, टोमॅटोच्या मुळावर बांधलेल्या तंबाखूच्या पानांत ते जवळजवळ नव्हते. कलमाचा इतका सुंदर उपयोग क्वचितच दिसतो. मुलांना उत्तर न सांगता आधी प्रयोग सांगा आणि निष्कर्ष त्यांनाच काढू द्या.

झाडाच्या दृष्टीने निकोटिन हे किडीवरचे विष आहे. शेंडा कुरतडला गेला की झाड ते जास्त बनवते. शेतकरी नेमका याचाच फायदा घेतो. फुलाचा शेंडा खुडतो, बगलेतले फुटवे काढतो आणि पान 'कडक' होते.

विडीची आणि चिरुटीची वाट वेगळी होते ती तोडणीनंतर. निपाणी भागातली विडीची तंबाखू उन्हात वाळवून तिचा चुरा करतात. चिरुटीचे पान सावलीत, हवेशीर छपरात टांगून महिना-दीड महिना सावकाश सुकवतात. पान तोडले तरी लगेच मरत नाही. त्याचे श्वसन चालू राहते. पिष्टाची साखर होते आणि साखरही बरीचशी खर्ची पडते. हरितद्रव्य मोडते, मागचा पिवळा रंग दिसू लागतो आणि मग तपकिरी. कापलेले सफरचंद काळे पडते त्यातलीच ही क्रिया.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे आंबवणे. किंचित ओलसर पाने थप्पी लावून दाबून ठेवतात. आत जिवाणूंचे आणि विकरांचे काम सुरू होते आणि थप्पी तापते, अगदी ५० अंश सेल्सिअसच्याही पुढे. थंडीच्या सकाळी शेणखताचा ढीग उकरल्यावर वाफ निघते ना, तसेच. फार तापू लागली की थप्पी उलटीपालटी करून पुन्हा लावतात. हे काही आठवडे, चांगल्या पानासाठी महिनोन्‌महिने चालते. पानातली प्रथिने मोडून अमोनिया बाहेर पडतो. हे नीट झाले नाही, तर धूर नाकाला झोंबतो, घसा ओरखडतो. पारखी माणूस 'कच्ची आहे' म्हणतो ते यालाच. याच काळात पानातली पिवळी रंगद्रव्ये तुटून त्यांचे सुवासिक तुकडे होतात. गुलाबाच्या आणि चहाच्या वासातही याच कुटुंबातली संयुगे असतात.

मग गुंडाळणी. चिरुटीला तीन थर असतात: आतला भरणा, तो बांधून ठेवणारे पान आणि वरचे देखणे पान. तिन्ही तंबाखूचीच, पण बहुधा वेगवेगळ्या शेतांची. क्यूबात हे काम करणारे कामगार आपल्यापैकीच एकाला पैसे देऊन दिवसभर वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचायला बसवीत. ही प्रथा १८६५ पासूनची आहे. (शिक्षकांना हे सांगितल्यावाचून राहवले नाही.) गुंडाळताना भरणा किती दाबायचा हे हातालाच कळते. अरुंद नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, हे आपण अकरावी-बारावीत शिकवतो. पानांमधल्या फटी निम्म्या झाल्या, तर प्रत्येक फटीतून हवा सोळाव्या हिश्शाने जाईल. एक पान जरा पिळले गेले की चिरूट बसली म्हणून समजा.

आता बाबांच्या 'ओल लागली'कडे येऊ. चिरुटीचा पारखीही पहिली गोष्ट हीच करतो. पेटवण्यापूर्वी तो ती बोटांत हलकेच दाबून पाहतो. करकरली तर कोरडी, भुसभुशीत लागली तर ओली. कोरडी चिरूट भराभर आणि गरम जळते, ओली विझते. तंबाखू हवेतले पाणी शोषते आणि सोडते, म्हणून ती ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या पेटीत ठेवतात. माथेरानला वर्षाला सुमारे पाच मीटर पाऊस पडतो आणि तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. जुलैत इथली हवा पाण्याने भरलेलीच असते. बाबांच्या पिशवीतली तंबाखू ऑक्टोबरपर्यंत ओल धरून होती यात नवल नाही.

पेटीतला आर्द्रतामापक खरे सांगतो की नाही, हे तपासायची एक युक्ती आहे आणि ती प्रत्येक शाळेला परवडते. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करा. मीठ पूर्ण विरघळू द्यायचे नाही. हे झाकण मोठ्या काचेच्या बरणीत ठेवून बरणी घट्ट बंद करा. काही तासांत आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते आणि तिथेच राहते. खोलीचे तापमान थोडेफार बदलले तरी तिला फरक पडत नाही. मिठाऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड घेतले तर ती ३३ टक्क्यांच्या आसपास थांबते. अशा दोन बरण्या करा आणि दोन्हींत वाळलेले आपट्याचे एकेक पान दोऱ्याने टांगा. दोन दिवसांनी बाहेर काढून दुमडून पाहा. एक वाकेल, दुसरे मोडेल. प्रयोगशाळेत संवेदनशील तराजू असेल, तर वजनातला फरकही मिळेल. पान मात्र खऱ्या आपट्याचे घ्या. बाजारात दसऱ्याला कांचनाची पानेही आपटा म्हणून खपवली जातात!

जीभ किती सांगते?

चिरूट चाखणारा धूर छातीत घेत नाही. तो तोंडात घोळवतो आणि थोडासा नाकावाटे सोडतो. मग वहीत लिहितो: भाजलेले दाणे, कॉफी, कोको, चामडे, मिरी. हे ऐकून मुले हसतात. पण यातले 'भाजलेले दाणे' अगदी खरे आहे. अमिनो आम्ले आणि साखर एकत्र तापली की पायराझिन नावाची संयुगे बनतात. ती भाजलेल्या शेंगदाण्यात असतात, कॉफीत असतात, भाकरीच्या खरपूस पापुद्र्यात असतात आणि तंबाखूच्या धुरातही असतात. पारख्याला भास होत नाही. त्याच्या नाकाला तेच रेणू भेटतात.

नाकाला, जिभेला नव्हे. अनेक पाठ्यपुस्तकांत जिभेचा एक नकाशा असे: शेंड्यावर गोड, कडेला आंबट, मागे कडू. १९०१ साली एका जर्मन संशोधकाने मोजलेल्या अगदी किरकोळ फरकांचा पुढे कोणीतरी भलताच अर्थ लावला आणि तो नकाशा जगभर छापला गेला. प्रत्यक्षात जिभेचा स्वाद-कळ्या असलेला प्रत्येक भाग सगळ्या चवी ओळखतो. गुळाचा खडा जिभेच्या कडेला धरून पाहा. चुकीची आकृती पुसायला याहून सोपा मार्ग नाही.

गोड, आंबट, खारट, कडू आणि मांस-टोमॅटोच्या रश्श्यातली ती पाचवी, एवढेच जिभेचे भांडवल. बाकीचा स्वाद नाकाचा असतो, आणि तोही समोरून हुंगलेला नव्हे तर घशामागून वर गेलेला. वर्गात डोळे मिटून, नाक चिमटीत घट्ट धरून मुलांना चिमूटभर ओवा चावायला द्या. तोंडात नुसते काहीतरी झणझणीत, कडवट लागते. नाक सोडले की त्या क्षणी 'ओवा!' म्हणून ओरडा होतो. तो झणझणीतपणा हीदेखील चव नव्हे. मिरचीची आग किंवा अमोनियाचे झोंबणे आपल्याला चेहऱ्यातल्या वेदना-स्पर्शाच्या नसांकडून कळते. चिरूट 'तिखट' आहे असे पारखी म्हणतो, तेव्हा हीच नस बोलत असते.

चव चिरुटीच्या लांबीभर बदलत जाते, म्हणून ती तीन भागांत तपासतात. पुढचे टोक जळते तेव्हा धुरातले जड पदार्थ मागच्या न जळलेल्या पानांवर थंड होऊन बसतात. शेवटच्या भागात तेही जळू लागतात आणि धूर कडक होतो. घाईने झुरके घेतले तर निखारा जास्त तापतो आणि कडवटपणा वाढतो. मिनिटाला एखादाच झुरका, असा म्हणूनच रिवाज आहे.

राखेबद्दल फार बोलले जाते. पांढरी, घट्ट, बोटभर टिकणारी राख म्हणजे उत्तम चिरूट, असा समज आहे. राख सांगते ती मुख्यतः जमिनीची गोष्ट. पानात पोटॅशियम भरपूर असेल तर ते एकसारखे जळते, आणि मॅग्नेशियम-कॅल्शियममुळे राख पांढरी होते. क्लोराइड मात्र जळण्याला मारक. म्हणून तंबाखूला म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, देत नाहीत. पोटॅशियम सल्फेट देतात. होम्सची राखेवरची भिस्त अगदीच हवेत नव्हती म्हणायची.

चाखणाऱ्याला कोण चाखणार?

अमेरिकेत १९९२ पासून चिरुटीला वाहिलेले एक नियतकालिक निघते. त्यात १०० पैकी गुण देतात आणि चाखण्यापूर्वी चिरुटीवरची नावाची पट्टी काढून टाकतात. पट्टी काढणे हा यातला सर्वांत वैज्ञानिक भाग. किंमत आणि नाव माहीत असले की जिभेला तसेच लागू लागते, आणि हा दोष लबाड माणसाचा नसून सगळ्यांचाच आहे.

पण एखाद्याला खरोखर फरक कळतो, की तो अंदाजाने सांगतो? याचा उत्तम नमुना संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या पुस्तकात दिला. एका बाई म्हणत होत्या की, कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे मला चवीवरून कळते. फिशर यांची मांडणी अशी: आठ कप करायचे, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. आठातून चार निवडण्याचे प्रकार ७० होतात. म्हणजे निव्वळ नशिबाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. तीन बरोबर आणि एक चूक असे येण्याचे प्रकार मात्र १६. तेव्हा तेवढ्यावर कोणाला पारखी म्हणता येणार नाही.

आम्ही हा प्रयोग माथेरानच्या बाजारातल्या चिक्कीवर केला. गुळाची आणि साखरेची नव्हे, ते फार सोपे. दोन दुकानांची गुळाचीच शेंगदाणा चिक्की, सारख्या आकाराचे तुकडे, डोळ्यांवर रुमाल. प्रयोगाआधी 'मला नक्की कळेल' म्हणणारे अकरा होते. आठच्या आठ बरोबर सांगितले एकाच मुलीने, आणि ती आधी काहीच बोलली नव्हती. (अकरा जणांपैकी निदान एकाला नुसत्या नशिबाने यश येण्याची शक्यता किती, हे गणित फळ्यावर जरूर घ्या. ती सत्तरात एकपेक्षा बरीच जास्त आहे.)

जे चवीला कळत नाही

इतका वेळ आपण पारख्याचे कौतुक केले. आता त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू: उंची चिरूट 'चांगली' म्हणजे नेमकी कशाने चांगली?

आंबवण्याच्या थप्पीत पुन्हा डोकावू. तिथे अमोनिया निघून जातो आणि धूर मऊ होतो, हे पाहिले. पण त्याच उबेत दुसरेही काही घडते. पानातल्या नायट्रेटचे जिवाणू नायट्राइट करतात, आणि ते निकोटिनसारख्या अल्कलॉइडांशी जोडले जाऊन नायट्रोसामाइने तयार होतात. ही कर्करोग घडवणारी द्रव्ये आहेत. आंबवलेल्या चिरुटीच्या पानात त्यांचे प्रमाण बरेच असते. ज्या क्रियेने चव सुधारते तिच्यातूनच हेही येते, आणि इतक्या सूक्ष्म मात्रेत त्यांना ना चव ना वास. शंभरपैकी पंच्याण्णव गुण देणाऱ्याच्या वहीत त्यांची नोंद होऊच शकत नाही. कार्बन मोनॉक्साइडचेही तसेच. हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटणारा हा वायू नाकाला अजिबात कळत नाही.

'पण चिरूट ओढणारा धूर गिळत नाही ना?' हा नेहमीचा बचाव. इथे सामू आठवावा लागतो. निकोटिन हा सौम्य अल्क आहे. सामू ८ च्या आसपास असेल तर त्यातले निम्मे निकोटिन मुक्त स्वरूपात असते, आणि मुक्त निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात जाते. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, म्हणून तो छातीत ओढावा लागतो. चिरुटीचा अल्कधर्मी, तोंडातच भागते. आपल्याकडे तळहातावर तंबाखू मळताना चुना का लावतात, हे मुलांना विचारा. घरोघरी चालणारा तो सामूचाच प्रयोग आहे. शिवाय एका मोठ्या चिरुटीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते.

आणि विडी? तिच्यात तंबाखू थोडी, सिगारेटच्या निम्म्याहूनही कमी. पण आपट्याचे किंवा तेंदूचे पान सिगारेटच्या कागदासारखे सच्छिद्र नसते. झुरके थांबले की विडी विझते, म्हणून ओढणारा भराभर आणि जोराने ओढतो. परिणामी तंबाखू कमी असूनही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त पोटात जातात. मुंबईत सुमारे एक लाख लोकांची कित्येक वर्षे नोंद ठेवून २००५ साली निष्कर्ष छापले गेले. तंबाखूला न शिवणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण १.३७ पट, तर विडी ओढणाऱ्यांत १.६४ पट आढळले. स्वस्त, साधी, 'झाडपाल्याची' विडी निरुपद्रवी, हा समज या दोन आकड्यांपुढे टिकत नाही.

ही शंका फार जुनी आहे. परळच्या संशोधन केंद्रातून डॉ. वसंत रामजी खानोलकर, संघवी आणि राव यांनी १९५५ साली तंबाखू ओढणे-चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा निबंध ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांच्या हाती रुग्णांच्या सवयींची नोंद आणि तुलनेसाठी इतर माणसे एवढेच होते. फिशरच्या चहाच्या कपांसारखाच हिशेब, फक्त कपांऐवजी माणसे.

हे सगळे वर्गात सांगून झाल्यावर ज्या मुलाने मूळ प्रश्न विचारला होता तो म्हणाला, "सर, हे ओढणाऱ्यांचं झालं. वळणाऱ्यांचं काय?" मला हा प्रश्न सुचला नव्हता. सिन्नर, सोलापूर, निपाणी भागात हजारो बायका मांडीवर सूप घेऊन, भिजवलेले पान पत्र्याच्या साच्यावर कापून, तंबाखू भरून दिवसभर विड्या वळतात. निकोटिन पाण्यात विरघळते आणि कातडीतून आत जाते. ओल्या तंबाखूच्या शेतात काम करणाऱ्यांना मळमळ, चक्कर येते ती यामुळेच. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विडी उद्योगातल्या कामगारांच्या लघवीची तपासणी केली, तेव्हा तंबाखूचे व्यसन नसलेल्यांतही कोटिनीन, म्हणजे शरीरात निकोटिनपासून बनणारे द्रव्य, सापडले. संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली वेगळा कायदा केला. त्यात कामाचे तास आणि रजा आल्या. पण घरात वळलेल्या विडीवर लक्ष कोण ठेवणार? हातमोजे घाला, असे सांगणे सोपे आहे. मोजे घातले की विडीच्या टोकाला दोरा बांधता येत नाही, आणि मजुरी मिळते ती हजार विड्यांवर.